‘एकदा पेनिसिलिनची ॲलर्जी म्हणजे जन्मभराची’: या फॉरवर्डला उत्तर

सीओपीडी आणि ब्राँकिएक्टेसिस या फुफ्फुसाच्या जुनाट आजारांच्या पेशंटच्या घरच्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय, की पेनिसिलिनची ॲलर्जी कधीच जात नाही, मग सेफालोस्पोरिन ही पेनिसिलिनच्या जवळची अँटिबायोटिकंही बंद, त्यापेक्षा लिव्होफ्लॉक्सासिन नाहीतर अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन) ही वेगळ्या गटातली अँटिबायोटिकं घरात ठेवा, त्याने काही होत नाही.

जन्मभराची वगैरे काही नाही. केस पेपरवर ही ॲलर्जी लिहिलेल्या दहापैकी नऊ जणांना नीट तपासलं तर औषध सोसतं. कुणाला नुसते जुलाब झालेले असतात (ती ॲलर्जीच नव्हे), कुणाला लहानपणी तापात पुरळ आलेलं, जे बऱ्याचदा व्हायरसचंच असतं, पण आईने सांगितलं म्हणून चाळीस वर्षं दर डॉक्टरला तेच सांगत राहायचं. खरी ॲलर्जीसुद्धा 10 वर्षांत साधारण 80 टक्के लोकांची जाते.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या 10 टक्के लोकांना सेफालोस्पोरिनचीही येते, हा आकडा जुना आहे, तेव्हाच्या औषधातच पेनिसिलिनचा अंश असायचा. आता 2 टक्क्यांच्या आसपास धरतात. अमोक्सिसिलिनची (हे पेनिसिलिनच्याच गटातलं) खरी ॲलर्जी असेल तर सेफालोस्पोरिनपैकी सेफॅलेक्सिन जपून, त्यांची साइड चेन (रेणूचा बाजूचा भाग, ॲलर्जी बऱ्याचदा त्याचीच) जवळजवळ सारखी, सेफ्ट्रियाक्सोनची वेगळी.

लिव्होफ्लॉक्सासिनवाला मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. आपल्याकडे खोकला लांबला की टीबीची शंका आधी घ्यायची, आणि या गोळीने टीबी अर्धवट दबतो, निदान लांबतं, वर रेझिस्टन्सची भीती, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. साठीच्या पुढचा माणूस, त्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू, तर टाचेमागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटू शकतो. अझिथ्रोनेही हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून महिनोन्महिने द्यायचं असेल तर आधी ईसीजी बघतात.

पण ॲलर्जी बहुतेकांची जाते म्हणून घरी अमोक्सिसिलिन खाऊन बघू नका हं! पूर्वी कातडी सोलली गेली असेल, तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या असतील तर ते औषध परत नाहीच, चाचणीसुद्धा नाही. घसा सुजून बीपी पडलं असेल तर आधी ॲलर्जीचा स्पेशालिस्ट. बाकीच्यांची तपासणी धाप आटोक्यात असतानाच करून घ्यायची, श्वासनलिका आधीच आवळलेल्या असताना रिॲक्शन आली तर जिवावर बेतेल. तपासणीला जाताना औषधाचं नाव, साल, किती तासांनी काय झालं आणि त्यावर काय उपचार करावे लागले, एवढं कागदावर लिहून न्या.