कर्नललाच विचारा की ओ

बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानात बिलिंगच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफायचा नवा डोंगल लावतात. दिवा लुकलुकतो, नेट येत नाही. मालक म्हणतात, “बघा की ओ जरा, लिनक्स तुमचंच नव्हं?” लिनक्स आमचं कधी झालं, देव जाणे. पण कर्नल (लिनक्स या यंत्रणेचा गाभा) बांधताना या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, आत घेतला होता का, हे शोधणं आता आमच्याच गळ्यात पडतं.

आधी ‘युनेम -आर’ ही आज्ञा, चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी. मशीनवर चार कर्नल पडलेले असतात, चालू एकच, आणि माणूस नेमकी दुसऱ्याचीच फाइल वाचत बसतो. सोर्सच्या, म्हणजे ज्यातून कर्नल बांधतात त्या कोडच्या, फोल्डरातल्या ‘डॉट कॉन्फिग’वर तर मुळीच विसंबू नये. पर्यायांचा मेनू उघडून शेवटी कुणी काय खुणा केल्या, एवढंच ती सांगते.

आवृत्ती कळली की ‘बूट’ फोल्डरात ‘कॉन्फिग’ आणि पुढे तीच आवृत्ती, अशा नावाची फाइल शोधायची. बांधताना काय घेतलं, काय गाळलं याची यादी तिच्यात असते. डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचे प्रकार ती ठेवतात. नसेल तर चालू कर्नल स्वतःच दाखवतो त्या ‘प्रॉक’ फोल्डरात ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ बघा. ही साक्ष पक्की, कारण ती चालू कर्नलच्या पोटातून येते. फाइल दाबलेली असते, म्हणून ‘झीकॅट’नेच वाचायची, नुसत्या ‘कॅट’ने पडद्यावर भुतं नाचतात. फाइलच नसेल तर ‘मॉडप्रोब कॉन्फिग्ज’ मारून, म्हणजे ती फाइल देणारा कर्नलचा सुटा तुकडा चढवून, बघा. तरी नाही? मग बांधणाऱ्याने ‘आयकेकॉन्फिग’ (ही यादी कर्नलसोबतच ठेवणारा पर्याय) नाहीतर त्याचा ‘प्रॉक’वाला पर्याय बंद ठेवला असणार. यातलं काय बंद होतं, हे कुठे लिहिलेलं असतं? त्याच फाइलीत!

फक्त ‘प्रॉक’वालाच बंद असेल तर आशा आहे. सोर्सच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ हा छोटा प्रोग्राम आहे. त्याच्यापुढे ‘व्हीएमलिनझ’ ही कर्नलची फाइल ठेवली की तो आतली यादी उपसून देतो.

यादी मिळाली तरी वाचायला डोकं लागतं. ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच, ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल, लागेल तेव्हा चढवायचा सुटा तुकडा. आणि ‘नाही’? ते हॅश (#) लावून लिहितात, ‘इज नॉट सेट’. एरवी हॅशच्या ओळीकडे कुणी बघायचं नसतं, इथे मात्र तीच उत्तर असते! त्यामुळे हॅशच्या ओळी गाळून ‘ग्रेप’ने शोधणाऱ्याला बंद पर्याय दिसतच नाहीत. रिअलटेकच्या बऱ्याच डोंगलना लागणारा ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’ (नाव उच्चारेपर्यंत गिऱ्हाईक साडी घेऊन घरी पोचतं) यादीत हॅशसकटही नसेल, तर बहुधा तो ज्यावर अवलंबून आहे तेच बंद आहे, नाहीतर कर्नलच त्या ड्रायव्हरच्या आधीचा आहे.

काहीच हाती लागलं नाही तर ‘लिब’मधल्या मॉड्यूल्सच्या फोल्डरात ‘मॉड्यूल्स डॉट बिल्टइन’ असते. कर्नलमध्ये कायमचे बसवलेले ड्रायव्हर त्यात सापडतात. सुटे त्याच फोल्डरात ‘फाइंड’ने शोधायचे.

अगदीच अडलं तर ‘प्रॉक’मधली ‘व्हर्जन’. कर्नल कुणी, कुठल्या मशीनवर बांधला ते तिथे छापलेलं असतं. मोठ्या आशेने उघडावी, तर ‘रूट ॲट लोकलहोस्ट’, जे नाव कुठल्याही मशीनवर असू शकतं. म्हणजे खडे बाजारात “हे कुणी केलं?” विचारावं आणि उत्तर यावं, “अण्णांनी.”