‘लिटरली’वरचा राग

इंग्रजी सुधारायला निघालेली एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. तिचं म्हणणं असं: ‘लिटरली’ म्हणजे फक्त ‘शब्दशः’, ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारा अडाणी, हे खूळ सोशल मीडियाचं, आणि त्यापुढे मान तुकवून शब्दकोशांनी २०१३ मध्ये शब्दाचा अर्थच उलटा केला.

खूळ असेल, पण सोशल मीडियाचं नाही. इंग्लिश लेखिका फ्रान्सेस ब्रुक यांच्या १७६९ मधल्या कादंबरीत ‘लिटरली’ असाच, लाक्षणिक बोलण्याला जोर द्यायला आला आहे. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर (१८७६) कुंपण रंगवायचं काम इतर पोरांच्या गळ्यात मारतो, वर त्यांच्याकडूनच मोबदला उकळतो आणि दुपारपर्यंत ‘लिटरली’ संपत्तीत लोळू लागतो. संपत्ती काय, तर गोट्या, बेडकाची पिल्लं आणि एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू! ट्वेनला इंग्रजी येत नव्हतं म्हणायचं का?

२०१३ ची गोष्ट तर अर्धवटच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ही नोंद २०११ मध्येच सुधारली होती. बोभाटा दोन वर्षांनी झाला. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर कोशाने हा वापर १९०९ मध्येच नोंदवला होता.

आता ‘उलटा अर्थ’. मला हा मुद्दा सगळ्यात कच्चा वाटतो. ‘लिटरली मेलो’ म्हणणाऱ्याला ‘मी खरा मेलो नाही बरं का’ असं सांगायचं नसतं. अतिशयोक्ती ‘मेलो’मध्ये आहे, ‘लिटरली’ तिला फक्त रेटा देतो. आपला ‘अक्षरशः’ दुसरं काय करतो? तोही अक्षरावरूनच आलेला, जसा ‘लिटरली’ लॅटिनमधल्या अक्षरवाचक शब्दावरून. ‘टाळ्यांचा अक्षरशः पाऊस पडला’ हे वाचून कुणी छत्री शोधत नाही. ‘साक्षात’चंही तेच: ‘साक्षात यमच समोर उभा’ म्हणणाऱ्याला आपण रेड्याचा रंग विचारत नाही. इंग्रजीतला ‘व्हेरी’सुद्धा मुळात ‘खरा’ या अर्थाचा. झिजून नुसता ‘फार’ उरला. त्याच्यावर मात्र कुणी पोस्ट लिहीत नाही.

पोस्टमधली एक गोष्ट मान्य. जिथे दोन्ही अर्थ लागू शकतात तिथे हा शब्द घात करतो. ‘द क्राउड लिटरली ट्रॅम्पल्ड हिम’ असं बातमीत आलं, तर माणूस पायाखाली तुडवला गेला की नुसता टीकेचा धनी झाला? तिथे मी तो शब्द खोडून नेमकं काय घडलं ते लिहायला सांगेन.