गावाची लोकसंख्या कशी सांगावी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘गावाची माहिती’ रंगवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी तारीख ठरवा. कोकणातलं गाव चतुर्थीच्या आदल्या रात्री मोजलंत तर घरागणिक बारा डोकी, अंगणात मुंबईच्या गाड्या. गौरी-गणपती बोळवून चार दिवसांनी मोजलंत तर एक आजी, एक कुत्रा आणि शेजारच्या काकूंकडे तीन घरांच्या चाव्या.

शासनाला हे कळत नाही. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली, चाकरमानी शिमग्याला यायच्या आत. परिणामी दहा वर्षांत एकूण महाराष्ट्र वाढला आणि रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. सिंधुदुर्गही घटला. भिंतीवर याला ‘कुटुंबनियोजनातील यश’ म्हणावं. आकडे जुने म्हणून घाबरू नका. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

स्त्री-पुरुष प्रमाण ठळक अक्षरांत लिहा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात ९२९. खाली ‘लेक वाचवा’. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हेच प्रमाण हजाराच्या खाली घसरतं, तो आकडा मात्र रंग संपला म्हणून वगळा. नाहीतर कोणीतरी विचारायचा, की मुली जास्त नाहीत, मग बाकीचे पुरुष गेले कुठे?

गाव भरलेलं दाखवायचंच असेल तर सातबारा काढा. एका गुंठ्यावर तीसेक सहहिस्सेदार, त्यातले निम्मे वारलेले. वारसनोंद झालेली नाही, म्हणून वाटप नाही. वाटप नाही म्हणून कोणी कौलं शाकारत नाही, आणि दोन पावसाळ्यांत वासे बसतात. मेलेल्यांनी मात्र गाव सोडलेलं नाही. मतदारयादीही भरघोस असते. तीच नावं नालासोपाऱ्यातही आहेत का, हे विचारू नका. निवडणुकीला गाडी करून आणणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.

‘सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतात’ हे वाक्य सक्तीचं. खाली नकाशा काढाल तेव्हा सुतारवाडी, कुणबीवाडी, तेलीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला वेगवेगळ्या रंगांत काढू नका, वाक्य आणि नकाशा शेजारी बरे दिसत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा फलकावर नवं नाव लिहा आणि पाहुण्याला वाट सांगताना जुनं वापरा. पालखी कोणत्या वाडीत आधी जाते, मान कोणाचा, आणि कोणत्या उंबऱ्यापर्यंत ती पोचतच नाही, हा मजकूर भिंतीवर नको. तो गावकीच्या बैठकीत ठरतो आणि तिथे नाही ठरला तर पोलीस बंदोबस्तात.

मजकूर ग्रामसभेत मंजूर करून घ्या. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला कमी आकडा लागतो. तेवढे गावात नसतील. घाबरू नका, सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

राहता राहिले कलमांच्या बागेत खोपट करून राहणारे नेपाळी राखणदार. आंब्याच्या हंगामात रात्री गावात जागी असलेली तरणी माणसं तीच. त्यांना ‘बाहेरचे’ या रकान्यात टाका. ‘स्थानिक’मध्ये विरारवाल्यांची नावं आधीच भरलेली आहेत.