एकवीस दिवस गार पाणी आणि गोळ्या बंद?

‘रोज पहाटे ५ वाजता एकट्याने नदीवर किंवा तलावावर जा. २० मिनिटं गार पाण्यात पोहा. डोपामिन २५० टक्के वाढतं. २१ दिवसांत डिप्रेशन मुळासकट जातं, इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय. गोळ्या बंद करा.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’. फिरत फिरत हा मेसेज अशा एका जवळच्या बाईंपर्यंत पोचला, ज्यांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी विचारलं, ‘मग सोडू का?’

नाही. सोडू नका.

आधी ते ‘इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय’ बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २०१८ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची नोंद छापून आली. एका. वय २४, त्रास सतराव्या वर्षापासून, दोन औषधांनी पुरेसा गुण नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने आठवड्यातून एकदा उघड्या, गार पाण्यात पोहायला सुरुवात केली. रोज नव्हे. प्रत्येक वेळी पोहल्यावर मन हलकं व्हायचं, मग हळूहळू लक्षणं कमी झाली, आणि *त्यानंतर* औषध कमी करत बंद केलं. वर्षभरानंतरही ती औषधाविना बरी होती. चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्यासारखाच दुसरा कोणी, फक्त न पोहणारा, शेजारी ठेवून तुलना केलेली नाही. अशा नोंदीचा अर्थ ‘यावर नीट अभ्यास करायला हवा’ एवढाच. मेसेजवाल्याने क्रम उलटा केला: आधी गोळ्या बंद, मग गुण.

आणि गोळ्या झटकन बंद केल्या की काय होतं? चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं शरीरातून लवकर उतरतात, त्यामुळे हे दोन-तीन दिवसांतच सुरू होऊ शकतं. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरतं, म्हणून माणसाला आठवडाभर वाटतं, ‘बघा, काहीच झालं नाही!’ मूळ आजार तर आणखी उशिरा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटू शकतो. म्हणजे एकविसाव्या दिवशी ‘मी बरा झालो’ असा मेसेज टाकणाऱ्याच्या पोटात अजून आधीच्या गोळ्यांचाच गुण असू शकतो. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने औषध चालू ठेवतात आणि मग डोस पायरीपायरीने उतरवतात, ते याचसाठी.

सगळ्यात संताप आणणारा शब्द मात्र वेगळाच आहे: ‘एकट्याने’. तीव्र नैराश्यात बऱ्याच जणांना पहाटे लवकर जाग येते आणि मन सगळ्यात जड असतं ते त्याच वेळी. ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळतायत, त्याला अंधारात, एकटं, खोल पाण्याकाठी पाठवायचं? हे लिहिणाऱ्याने हा आजार जवळून पाहिलेला नाही. असे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

डोपामिन म्हणजे मेंदूत उत्साहाशी जोडलेलं एक रसायन. २५० टक्के हा आकडा खरा आहे. पण तो तरुण, निरोगी पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात तासभर गळ्यापर्यंत बसवून मिळालाय, आणि मोजला तो रक्तातला. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही. शिवाय १४ अंश आणणार कुठून? मुंबईत मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं. आणि जिथे पाणी खरंच तेवढं गार असतं, तिथे पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये.

  

आता नाइलाजाने कबूल करायची गोष्ट: व्यायामाने नैराश्य हलकं होतं. २०२४ साली ‘बीएमजे’मध्ये २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, चालणं-जॉगिंग, योग, वजनं उचलणं यांचा मध्यम पण खरा फायदा दिसला. पाणी हे व्यायामाचं एक साधन. गुडघे दुखणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसाला ते सोयीचं, कारण छातीएवढ्या पाण्यात शरीराचा साधारण दोन तृतीयांश भार पाणी पेलतं. पोहता यायलाच हवं असंही नाही.

करायचंच तर असं करा. जीवरक्षक असलेला तलाव, पाणी २८ ते ३० अंश, खोली बेंबी ते छाती. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला १५ मिनिटं, महिन्याभरात ३० वर. पुढे, मागे, आडवं चाला. टाच आधी टेका. चवड्यांवर चाललात की पोटरीत गोळा येऊ शकतो. तळवे उघडे ठेवून हातांनी पाणी ढकला, जड गेलं तर मूठ मिटा. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागू द्या. नाडीवर भिस्त ठेवू नका, पाण्यात ती मुळातच थोडी संथ चालते. बाहेर येताना पायरीवर दोन मिनिटं बसा: पाण्याचा दाब सुटला की रक्तदाब उतरतो, आणि अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचं एक जुनं औषध) घेणाऱ्यांना गरगरू शकतं. झोपेच्या किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळीची गुंगी असेल तर त्या दिवशी पाण्यात नको. लिथियम घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पाण्यात घाम येतो पण कळत नाही, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते.

आणि मेसेज वाचून कुणी गोळ्या आधीच सोडल्या असतील, तर राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊ नका. किती दिवस चुकले ते मोजा आणि आजच डॉक्टरांना फोन करा.