आर्ट्स विरुद्ध इंजिनिअरिंग: ही मॅच चाललीय कुठं?

कॉलेजांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. ज्याला इंजिनिअरिंग झेपत नाही तो आर्ट्सला जातो. आर्ट्सवाल्याला यंत्र कळत नाही आणि इंजिनिअरला माणूस. म्हणून कोल्हापुरात दोघांचं हाडवैर. मी मेकॅनिकलचा, धाकटी बहीण इतिहासात एम.ए.; दोन्हीकडचे टोमणे घरातच ऐकलेत.

पहिलं, झेपण्याचं. वाट दहावीनंतरच फुटते. अकरावीला आर्ट्स घेतलेल्यानं फिजिक्स सोडलेलंच असतं, मग तो इंजिनिअरिंगच्या सीईटीला बसणार कसा? आखाड्यात न उतरलेल्या गड्याला चीतपट झाला म्हणायची ही कुठली रीत? बारावी सायन्स करून आर्ट्सला येणारेही असतात, पण ते सगळे हरून आलेले नसतात.

यंत्राचं तर कोल्हापुरात बसून बोलूच नये. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. आडनाव मिस्त्री, इंजिनिअरिंगची पदवी नाही. आतेमामे भाऊ आनंदराव यांच्याबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि त्यावर चित्रपट काढले. आता हा माणूस आर्ट्सचा की मेकॅनिकलचा? मजकूर लिहिणाऱ्यानं खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापाशी उभं राहून सांगावं.

इंजिनिअरला माणूस कळत नाही, यात मात्र थोडं तथ्य आहे. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० पैकी १२ क्रेडिट मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि व्यवस्थापन मिळून आहेत. आम्ही असले विषय परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून उरकले. दोष आमचाच, पण त्याला वैर म्हणत नाहीत.

हाडवैर बघायचं तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच बघावी. राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत वेगळंच चित्र दिसतं. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, त्यामुळं बी.ई. आणि बी.ए. एकाच बाकावर, एकाच पंख्याखाली, इतिहासाचं तेच पुस्तक उघडून बसलेले. बहिणीची इंजिनिअरांबद्दल एकच तक्रार आहे: तिच्या इतिहासाच्या वह्या माझ्या दोन मित्रांनी नेल्यात आणि परत मागितल्या की म्हणतात, “ताई, एवढी प्रिलिम होऊ दे.”