खुक्री बुडाली तो गुरुवार

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला. रविवारी गच्चीवर सामूहिक स्तोत्रपठण आहे, प्रत्येक घरातून एकाने तरी यावे, आणि संकल्प असा की शत्रूचा समूळ नाश व्हावा. एवढेच असते तर मी वाचून सोडून दिले असते. पण खाली आणखी एक ओळ होती : 'मे २०२५ मध्ये आपण सर्वांनी जप केला, म्हणूनच आपल्या शहरावर संकट आले नाही.' त्या ओळीने माझी सकाळ नासली.

त्याच मे महिन्याच्या ७ तारखेला पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांचा मारा गुरुद्वाऱ्यालाही बसला. त्या दिवशी तिथले जे शीख बांधव गेले, त्यांत कीर्तन करणारे एक रागीही होते. ज्या माणसाचे आयुष्यच देवाचे नाव गाण्यात गेले त्याची भक्ती कमी पडली आणि ठाण्यातल्या आमच्या गच्चीवरचा तासाभराचा जप मात्र पुरला, असे आपल्याला म्हणायचे आहे का? हे वाक्य लिहिताना कोणाचाच हात कसा अडखळला नाही?

१९७१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवलेला, आणि कुठे फटीतून उजेड दिसला की खालून 'दिवा घालवा' अशी आरोळी येई. माझे थोरले काका नौदलात खलाशी होते, पश्चिमेकडच्या ताफ्यातल्या एका जहाजावर. मार्गशीर्ष चालू होता आणि आजीचे महालक्ष्मीचे गुरुवार चालू होते. कलशात पाच डहाळ्या, समोर समई आणि समईच्या पुढे आडोशाला उभा केलेला पाट, म्हणजे उजेड बाहेर जाऊ नये. ९ डिसेंबरला तिसरा गुरुवार होता. त्याच रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'ने आपली युद्धनौका 'खुक्री' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

ही बातमी चाळीत पोहोचली तेव्हा शेजारच्या बाई धावत आल्या आणि आजीचा हात धरून म्हणाल्या, "तुमचे गुरुवार पावले हो, तुमचा मुलगा दुसऱ्या जहाजावर होता." आजीने हात सोडवून घेतला. "त्या जहाजावरच्या पोरांच्या घरी कुणी गुरुवार धरले नव्हते का?" एवढेच ती बोलली. त्या बाईंशी तिने नंतर कित्येक दिवस धड बोलणे केले नाही.

मला तेव्हा आजीच्या रागाचे कारण कळले नव्हते. आज सकाळी तो निरोप वाचताना तिचा हात सोडवून घेणे डोळ्यांपुढे आले. शेजारच्या बाईंचाच हिशेब पुढे नेला तर त्या रात्री 'हँगोर'वरच्या खलाशांच्या आयांनीही हात पसरून दुआ मागितली असणार, आणि त्यांची मुले तर सुखरूप घरी परतली. मग त्यांची प्रार्थना आपल्यापेक्षा खरी होती असे म्हणणार का? कोणीही म्हणणार नाही. तरीही हाच हिशेब आपण देवावर दर युद्धात लादतो, वाचलेल्यांच्या खात्यावर पुण्य मांडतो आणि मेलेल्यांच्या आयांना नकळत सांगून टाकतो की बाई, तुमचेच काही तरी कमी पडले.

सैनिकही प्रार्थना करतात, हे मला मान्य आहे. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री हे रीतसर नेमलेले असतात, आणि एकाच छपराखाली सर्व धर्मांची देवस्थाने असलेली जागा छावणीत असते. मरणाच्या समोर उभ्या राहणाऱ्या माणसाने देवाला काय मागावे हे मी कोण सांगणार? पण गच्चीवर बसून समूळ नाश मागणाऱ्या आपल्यासमोर मरण उभे नसते.

आजीने गुरुवार सोडले नाहीत. १६ डिसेंबर, ढाक्यात शरणागती झाली तो दिवसही गुरुवारच होता, मार्गशीर्षातला शेवटचा. चाळीत आनंदाला उधाण आले होते, पण पश्चिमेकडचे युद्ध दुसऱ्या दिवशी रात्री थांबायचे होते, त्यामुळे तिचे उद्यापन अंधारातच झाले. अंधारात चाचपडत तिने सुवासिनींना हळदकुंकू लावले, फळे दिली. काका अजून समुद्रावरच होते. आईने तिला विचारले की देवीकडे काय मागितलेत. ती म्हणाली, "या खेपेला काही मागितलं नाही. नुसती बसले तिच्यापुढे." त्यानंतर ती पंचवीस वर्षे जगली, दर मार्गशीर्षात कलश मांडत राहिली. काका परत आले याचे श्रेय तिने कधी स्वतःच्या व्रताला दिलेले मी ऐकले नाही.

हे लिहायला बसलो तेव्हा मी रागात होतो, आणि निरोप पाठवणाऱ्या काकूंविषयी काही कडवट ओळी लिहिल्याही होत्या. त्या आता खोडल्या आहेत. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, राजौरीकडे, हे मला सकाळीही ठाऊक होते. चिडलेल्या माणसाला ठाऊक असलेलेही आठवत नाही. मघाशी त्यांना फोन केला आणि एवढीच विनंती केली की संकल्पातून 'समूळ नाश' काढावे आणि मे महिन्याची ती ओळ पुसावी. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "पण माझ्या मुलाचं नाव तरी घ्यायचं ना?"

मी म्हणालो, घ्या. रविवारी मी येतो, मीही घेईन.