झाडांपेक्षा म्हाताऱ्या इंजिनाचं गाव

आमच्या इकडची मराठी मंडळी ऑक्टोबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला, जुन्या वाफेच्या रेल्वेच्या गावाला, जाऊन येतात आणि फोटोखाली हमखास लिहितात, 'इथे काळ थांबलाय.' मला हे वाक्य अजिबात पटत नाही. त्या गावात काळाने दोन-तीनदा सगळं उलटंपालटं केलंय. त्यातला सोयीचा तेवढा भाग पांढरा रंग देऊन जपलाय, इतकंच.

१९००च्या अखेरीस ग्रीनब्रायर नदीच्या काठाने चेसापीक अँड ओहायो रेल्वे इथवर पोचली. लगेच १९०१ साली वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने सॉ मिलसाठी वसाहत उभी केली आणि आपल्याच एका बड्या अधिकाऱ्याचं नाव तिला दिलं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डोंगरावर चढणारी रेल्वेही कंपनीचीच. गावात दारूला बंदी, म्हणून गुत्ते नदीपलीकडे, ईस्ट कॅसमध्ये. मिलमध्ये अकरा-अकरा तासांच्या दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. चीट माउंटनवरचे लाल स्प्रूसचे वृक्ष तोडून उतरवायचे, चांगल्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायच्या आणि लगद्याचं लाकूड कोव्हिंग्टनच्या कागद कारखान्याला धाडायचं, हा सगळा कारभार.

तो चढ मात्र बघण्यासारखा आहे. भोर घाटात १:३७ चढाला आपण कौतुकाने माना डोलावतो, इथे काही ठिकाणी १:९ आहे! साधं इंजिन तिथे जागेवर घसरेल. म्हणून 'शे' जातीची वाफेची इंजिनं. सिलिंडर उजव्या बाजूला उभे, त्यांच्या वजनाला तोल म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला, आणि बाजूने गेलेला लांब दांडा गिअरमधून प्रत्येक चाक फिरवतो. वेग सायकलवाल्याने मागे टाकावा इतपत. धूर आणि आवाज मात्र एक्स्प्रेसचा. यांत्रिकीत थोडाफार रस असेल तर अर्धा तास नुसतं बघत उभे राहाल.

यातलं ५ नंबरचं शे १९०५ सालचं. ते पर्यटकांची गाडी ढकलत बाल्ड नॉब या शिखराकडे निघालं की दोन्ही बाजूंना दाट जंगल लागतं आणि डब्यातले लोक 'व्हर्जिन फॉरेस्ट' म्हणून उसासे टाकतात. अहो, मूळचं जंगल याच इंजिनांनी ओढून खाली नेलं! भोवतालची बहुतेक झाडं इंजिनापेक्षा वयाने लहान आहेत. तोड झालेल्या डोंगरांवर मागे राहिलेल्या काटक्याकुटक्यांना आगी लागत आणि माती जळून खाली खडक उघडा पडे, हाही इथल्याच डोंगरांचा इतिहास.

आणि स्प्रूस नावाचं गाव? कॅसच्याच वर, सुमारे ३,८५० फुटांवर, त्याच कंपनीचं आणखी एक गाव होतं. तिथे पोचायला सडकच नव्हती, येणं-जाणं सगळं रेल्वेने. आज तिथे जोती तेवढी दिसतात. माझ्या मते खरा इतिहास कळायचा तर तिथे उतरून पाच मिनिटं उभं राहावं.

कॅसचंही तेच व्हायचं होतं. १९४२मध्ये मोअर या लाकूड कंपनीने सगळं विकत घेतलं, १९६०मध्ये मिल बंद पडली आणि रूळ भंगारात निघाले. रसेल बॉम नावाच्या एका रेल्वेवेड्याने गावातल्या लोकांना हाताशी धरून राज्य विधिमंडळाचा पिच्छा पुरवला. राज्याने लोकांच्या पैशातून ते भंगार विकत घेतलं आणि १९६३पासून त्यावर पर्यटक बसवले. 'सरकारने धंद्यात पडू नये' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो. कुठल्या खाजगी हिशेबात हे बसलं असतं? पुढे १९७८मध्ये चेसापीक अँड ओहायोने ग्रीनब्रायरची शाखा सोडून दिली. नदीकाठच्या त्या मार्गावर आता लोक सायकली चालवतात.

तक्रार एवढीच की कंपनीची घरं भाड्याने मिळतात, कंपनीच्या दुकानात टोप्या आणि कॉफीचे मग मिळतात, पण ईस्ट कॅसबद्दल कुणी फारसं बोलत नाही. रेल्वेच्या वाटेवरच्या व्हिटेकर थांब्याला लाकूडतोड्यांची छावणी नव्याने उभारून दाखवलीय, ती छान आहे, नाही म्हणत नाही. पण मजुराचा दिवस छावणीत जायचा आणि पगार नदीपलीकडे. तो अर्धा भाग वगळला की उरते ती कंपनीची जाहिरात.

जाणार असाल तर बाल्ड नॉबची गाडी घ्या, अर्ध्यावरून परत येणारी नको. स्वेटर न्या, उन्हाळ्यातही. आणि मोबाईलच्या भरवशावर राहू नका. शेजारीच ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण आहे, तिला मोबाईलच्या लहरींचा अडथळा नको म्हणून त्या भागात रेंजची बोंबच असते.